हार्ड डिस्क टकटक करतेय आणि दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप, सातव्या पिढीचा आय-थ्री, आत १ टीबीची हार्ड डिस्क. परवा दुपारी तीन-चार वेळा वीज गेली-आली. त्यानंतर सुरू केला तर काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. कधी विंडोजचं चिन्ह येतं आणि तिथंच गोल फिरत राहतं, कधी आतून टक-टक ऐकू येतं. आत घरचे दहा वर्षांचे फोटो, वडिलांनी स्वतः टाइप केलेल्या नाटकाच्या संहिता आणि सोसायटीचे हिशेब. बॅकअप नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, चालू होईल.’ देऊ का?

नका देऊ. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पुढचं वाचा.

दुकानदार खोटं बोलत नाहीये. तुम्ही त्याला ‘कॉम्प्युटर चालू करून द्या’ म्हणालात, तो चालू करून देईल. पण तुम्हाला हवंय ते वेगळंच. कॉम्प्युटर चालू करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, नवी डिस्क लावली, विंडोज टाकलं, एका संध्याकाळी झालं. जुन्या डिस्कमधलं काढणं हे खरं काम, आणि ते आधी करायचं असतं. सांगलीत वीसेक वर्षं मी हेच करत आलोय. डिस्क मुळातच वाचण्यापलीकडे होती म्हणून डेटा गेला अशी गिऱ्हाइकं मला कमी भेटली. डिस्क अर्धी जिवंत असताना घरी आठ-दहा वेळा ‘बघू या, आता तरी होतोय का’ करून संपवली, अशी जास्त.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे बटणाकडे हात जाणार नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. आतल्या चकतीच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्यावरून वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर हवेच्या थरावर तरंगतं. केसाची जाडी त्याच्या हजारो पट. वीज अचानक गेली की डिस्क फिरत्या चकतीच्याच जोरावर घटकाभर वीज तयार करते आणि तेवढ्यात हेड बाजूला नेऊन ठेवते. युक्ती उत्तम आहे, पण ती आणीबाणीची. दिवसाला चार वेळा लाइट जाणाऱ्या गावात, यूपीएस नसलेल्या घरात, आठ वर्षं ही आणीबाणी सोसलेलं हेड थकतं. थकलेलं हेड चकतीवर कुठं तरी घासलं की तिथला थर निघतो, त्याची धूळ आतच फिरते आणि पुढच्या जागी घासायला मदत करते. निकामी झालेल्या डिस्क मी कधी कधी शिकाऊ पोरांना दाखवायला उघडतो. आत कोपऱ्यात नखाएवढी पांढरी गादी असते, हवा गाळायची. चांगल्या डिस्कमध्ये ती पांढरीशुभ्र असते. एका शिक्षकांची डिस्क उघडली तेव्हा ती तव्याच्या बुडासारखी काळी होती, आणि आरशासारख्या चकतीवर कंपासनं काढावं तसं एक करडं वर्तुळ. लेकीच्या लग्नाचे फोटो त्या वर्तुळात गेले होते. सर म्हणाले, ‘आवाज यायला लागल्यावर मी फक्त दोन दिवस वापरला.’

आता तुमच्या मशीनकडे. टकटक सांगितलीत म्हणून संशय डिस्कवरच आहे, तरी तीन स्वस्त गोष्टी आधी तपासायच्या, कारण त्यातली एखादी निघाली तर तुम्ही सुटलात.

पहिली, मदरबोर्डवरचा गोल सेल, २०३२ नंबरचा. आठ वर्षांत तो बसतोच. बसला की लाइट गेल्यावर बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची, सेटिंग मूळ पदावर जाते, बूट कुठून करायचं, म्हणजे विंडोज कुठल्या डिस्कवरून उचलायचं, हे तो विसरतो आणि तुम्हाला आला तोच मेसेज येतो. डिस्क ठणठणीत असतानाही. तपासायला डिस्क लागत नाही: तिच्या दोन्ही केबल काढा, मशीन चालू करून बायोसमध्ये जा आणि तारीख बघा. काही वर्षं मागची तारीख दिसली तर सेल बदला, वेळ लावा, बूटचा क्रम आणि साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या जोडणीचा, मोड पूर्वीसारखा करा. काम संपलं. या एका सेलपायी किती घरांत चांगल्या विंडोजवर फॉरमॅट मारले गेले असतील, देव जाणे.

दुसरी, डेटाची केबल, ती लाल किंवा काळी चपटी. तिला क्लिप नसेल तर उष्णतेनं हळूहळू सैल होते. नवी शंभर-दीडशे रुपयांत मिळते, लावून टाका.

तिसरी, पॉवर. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा, म्हातारा झाला की १२ व्होल्टची लाइन खाली येते, डिस्क पूर्ण वेगानं फिरू शकत नाही आणि चक्क टकटक करते. म्हणून डिस्क खराब म्हणायच्या आधी ती एकदा, एकदाच, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला लावून बघायची. फक्त दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची सुटी केबल तुमच्या एसएमपीएसला जोडू नका. टोकं सारखी दिसतात, आतला वायरींचा क्रम वेगळा असू शकतो, आणि एका सेकंदात डिस्कच्या बोर्डातून धूर निघतो.

ती एकच वेळ नीट वापरा. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, झाकणावर दोन बोटं ठेवा आणि पॉवर द्या. चांगली डिस्क बोटाखाली हळूहळू वेग घेते, मग हेड बाहेर येताना बारीकशी चाहूल लागते आणि मग शांत, एकसुरी घरघर. टक… टक… टक अशी एका ठेक्यात दहा-बारा वेळा आणि मग चकती थांबली, तर हेड गेलं. नुसती कुईंकुईं आणि बोटाखाली फिरणं जाणवतच नाही, तर हेड चकतीला चिकटलंय किंवा मोटार अडकलीय. काहीच नाही, ना आवाज ना थरथर, तर डिस्कचा बोर्ड गेला. या शेवटच्या प्रकारात खरं तर आशा जास्त असते. बोर्डावर जादा व्होल्टेज अंगावर घेऊन स्वतः मरणारा एक चिमुकला डायोड असतो, आणि कित्येकदा तो काढला की डिस्क तात्पुरती चालते. हे सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसानं करायचं. ‘सेम मॉडेलचा बोर्ड आणून लावू’ म्हणणाऱ्याला मात्र विचारा, जुन्या बोर्डावरची आठ पायांची चिप नव्यावर घेणार का? त्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडचं बारीक मोजमाप असतं. ती न हलवता नुसता बोर्ड बदलून आजकालच्या डिस्क सहसा चालत नाहीत.

पहिल्या दोन प्रकारांत घरचं काम तिथंच संपलं. डिस्क काढा, फोमच्या कापडात किंवा बबल प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि ज्यांच्याकडे धूळमुक्त खोली आहे अशा डेटा काढणाऱ्यांकडे न्या. हेड बदलायचं तर खर्च पाच आकडी होतो, कधी नव्या कॉम्प्युटरइतका. नेण्याआधी तीन प्रश्न विचारा: तपासणीचे पैसे किती, डेटा नाही निघाला तर किती, आणि पैसे भरायच्या आधी निघालेल्या फायलींची यादी दाखवणार का. काउंटरवरच स्क्रू काढून ‘बघू आत काय झालंय’ म्हणणाऱ्याच्या हातातून डिस्क परत घ्या.

पाच आकडी खर्च करण्याआधी घरी सगळ्यांना एकत्र बसवा आणि एक कागद घ्या. फोटो आणखी कुठं आहेत? मावशीच्या फोनमध्ये, जुन्या मेमरी कार्डात, फॅमिली ग्रुपवर, लग्नाच्या फोटोग्राफरकडे. सोसायटीचा मागच्या वर्षापर्यंतचा हिशेब ऑडिटरकडे असतोच. संहिता नटांकडे झेरॉक्समध्ये असतील, स्पर्धेला पाठवताना कुणाला तरी मेल केली असेल. मी पाहिलंय, यादी संपेपर्यंत ‘सगळं गेलं’चं ‘दोन फोल्डर गेले’ होतं. मग त्या दोन फोल्डरांची किंमत ठरवणं सोपं.

आता तुमचा बहुधा असलेला प्रकार. कधी विंडोजचं चिन्ह येतं म्हणता, म्हणजे हेड अजून काही वाचतंय. डिस्क नीट फिरली आणि बायोसमध्ये तिचं नाव दिसलं, तर घरी प्रयत्न करण्यासारखा आहे. पण विंडोजमधून नाही. विंडोज डिस्क दिसली की लगेच तिच्यावर लिहायला लागतं, ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारतं, मागच्या मागे थंबनेल बनवतं. आणि चेकडिस्क, विंडोजचं ते डिस्क तपासून दुरुस्त करणारं हत्यार, तर अजिबात नको. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका वकिलांच्या बॅड सेक्टरवाल्या, म्हणजे डेटाचे काही छोटे कप्पे खराब झालेल्या, डिस्कवर मी रात्रभर चेकडिस्क चालवली. सकाळी डिस्क ‘दुरुस्त’ होती, आणि अशिलांचे फोल्डर होते तिथं फाउंड डॉट ट्रिपल झीरो नावाचा एक फोल्डर, आत हजारो बिननावाच्या तुकड्यांच्या फायली. चेकडिस्क फाइल सिस्टिमची मांडणी जुळवते, तुमच्या फायलींची तिला फिकीर नसते. चांगल्या डिस्कवर ती चालवायला हरकत नाही. मरणाऱ्या डिस्कवर ती म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं.

त्याऐवजी असं करा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमचा, बूट होणारा पेनड्राइव्ह बनवा. जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी एक रिकामी डिस्क आणा, २ टीबीची घेतली तर बरं, नंतर बॅकअपला कामी येते. दोन्ही शक्यतो मदरबोर्डला थेट साटा केबलनं लावा. यूएसबीचे डबे खराब सेक्टर आला की मध्येच अडकतात. मिंट सुरू झालं की जुन्या डिस्कवर क्लिक करून तिला उघडायचं नाही. मन होतं, पण नाही. आधी स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा, मिंटमधल्या डिस्क नावाच्या प्रोग्रॅममध्ये ते दिसतात. चार ओळी बघायच्या. ५ क्रमांकाची म्हणजे किती खराब सेक्टर बदलून झाले. १९७ म्हणजे किती सेक्टर ‘वाचता येत नाहीत, काय करू’ म्हणून ताटकळलेत. १९८ म्हणजे किती वाचताच आले नाहीत. यांत पाच-पन्नास असतील तर घाई करा, हजारांत असतील तर थांबून पुन्हा विचार करा. १९९ चा आकडा फुगलेला आणि बाकीचे तीन शून्य असतील तर पेढे वाटा, दोष बहुतेक केबलचाच. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हेच आकडे दाखवतं, पण तिथं क्रमांक ०५, सी५, सी६, सी७ असे लिहिलेले असतात.

मग डीडीरेस्क्यू. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं, फुकट आणि या कामासाठी मला माहीत असलेलं सगळ्यात शहाणं हत्यार. साधं कॉपी-पेस्ट एका खराब फायलीपाशी अडतं आणि तिथंच डोकं आपटत राहतं. डीडीरेस्क्यू फायली बघतच नाही, अख्खी डिस्क सेक्टरनं सेक्टर उचलतं. पहिल्या फेरीत जिथं अडेल ती जागा सोडून पुढं जातं, चांगलं तेवढं आधी पदरात पाडतं, आणि मग सोडलेल्या जागांकडे परत येतं. शेतात आधी पिकलेलं काढून घ्यावं आणि बांधाकडचं नंतर बघावं, तसं. कुठवर आलो हे ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे लाइट गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबवलं तरी पुढं तिथूनच सुरू होतं. ही मॅप फाइल द्यायला विसरू नका, आणि ती मिंटच्या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सत्रात किंवा जिच्यावर नक्कल होतेय त्या डिस्कवर न ठेवता वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. नाही तर मशीन बंद होताच किंवा नक्कल होताना ती पुसली जाईल.

आणि कुठली डिस्क स्रोत, कुठली लक्ष्य, हे तीनदा वाचा. मोठ्यानं वाचा. नावं एसडीए, एसडीबी अशी असतात, एका अक्षराचा फरक. मी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवतो, अजूनही. उलट झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होते, आणि मग कुणीच काही करू शकत नाही.

निरोगी १ टीबी सेकंदाला १०० एमबीनं पावणेतीन तासांत होते. तुमची एक दिवस घेईल, तीन दिवसही घेईल. छोटा पंखा डिस्कवर सोडून ठेवा. मध्ये टकटक सुरू झाली आणि वेग शून्यावर अडकला तर बंद करा, निवू द्या, अर्ध्या तासानं पुन्हा. दुसऱ्यांदाही तेच, तर थांबा. उरलेला जीव डेटा काढणाऱ्यांसाठी ठेवा. हे काम चालू असताना मशीन यूपीएसवरच हवं, हे वेगळं सांगायला नको.

नक्कल पूर्ण झाली, ९९ टक्के का असेना, की जुनी डिस्क काढून बाजूला. पुढची सगळी खटपट नकलेवर. ती सरळ उघडली तर फायली घ्या. नाही उघडली तर टेस्टडिस्कनं पार्टिशन शोधा, तेही नाही जमलं तर फोटोरेक फायली खणून काढतं, फक्त नावं आणि फोल्डर गमावून. हजारो फोटो, नावाच्या जागी नुसते आकडे. बसून लावावे लागतात. एक दिवाळीची सुट्टी त्यात जाते.

फायली घेताना लोक कुठं चुकतात ते सांगतो. ‘माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडाली तर उडू दे’ असं दहातले सात म्हणतात. सी आणि डी एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत, पाया ढासळला की दोन्ही जातात. आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं, डॉक्युमेंट्समधलं, टॅलीचा डेटा, हे बऱ्याचदा सीमध्येच असतं.

आणि मराठी माणसाची खास गोष्ट, फॉन्ट. वडिलांनी संहिता श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यांच्या फॉन्टात टाइप केल्या असतील तर त्या युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणारी मराठी, नाहीत. नव्या विंडोजवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि घरात रडारड सुरू होते की फाइल करप्ट झाली. झालेली नसते. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरातला फॉन्ट्स फोल्डर अख्खा उचलून ठेवा, त्यातला तो फॉन्ट नव्या मशीनवर टाका, संहिता जशीच्या तशी. मग सवडीनं कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात घोळ घालतात, तेव्हा वडिलांना एकदा वाचायला बसवा. त्यांना आवडेल ते काम.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द, कारण कुणी तरी सांगेलच. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका. आपल्या दमट हवेत बाहेर काढली की आत दव धरतं. हातानं ठोकू नका. घरी झाकण उघडू नका. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर आमच्याकडे गोणीनं डिस्क आल्या. त्यातल्या लोकांनी उन्हात वाळवून, ड्रायर मारून चालू करून बघितलेल्या बहुतेक गेल्या, कारण पाणी सुकतं पण गाळ आणि क्षार चकतीवरच बसतात. पाण्यातली डिस्क ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून द्यायची असते.

आता कॉम्प्युटर. हे पटकन. फिरणारी डिस्क पुन्हा बूटसाठी घेऊ नका, ५०० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपची डिस्क, लावा. त्या जुन्या आय-थ्रीला नवा जन्म मिळाल्यासारखं वाटेल. मदरबोर्डवर एम डॉट टूची, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीची, खाच असेल तरी ती साटा जातीची घेते की एनव्हीएमई जातीची, हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय खरेदी करू नका. ऑनलाइन हजार रुपयांत १६ टीबी दाखवणाऱ्या वस्तू सरळ फसवणूक आहेत. जुन्या बाजारातली ‘नवीकोरी’ हार्ड डिस्क घेतली तर चालू तासांचा आकडा बघा, २०-३० हजार तास पळालेली निघते. शून्य दिसला तरी फार हुरळू नका, तो आकडा पुसताही येतो.

विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क बदलून तो जात नाही, तेव्हा विंडोज टाकताना ‘प्रॉडक्ट की माझ्याकडे नाही’ म्हणून पुढं जा, नेट लागलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. अर्थात आधीचं विंडोज खरं असेल तर. तुमची अडचण दुसरी आहे: विंडोज ११ इंटेलच्या ढोबळमानानं आठव्या पिढीपासून पुढं अधिकृत चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वडिलांना श्रीलिपी हवीच असेल तर विंडोज १० टाका आणि त्यावर बँकेचं काही करू नका. नसेल तर तोच मिंट कायमचा टाकून द्या, मराठी युनिकोड त्यात छान टाइप होतं. आणि पुढंमागं लॅपटॉप घ्याल तर त्यात विंडोज न विचारताही डिस्कला कुलूप लावतं. त्याची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही मी काही करू शकत नाही.

एक लक्षात असू द्या, एसएसडी मरताना टकटक करत नाही. काल होती, आज डिटेक्टच नाही, इतकंच. म्हणून ती २ टीबीची डिस्क महिन्यातून एकदा लावा, कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलेली डिस्क पुढच्या विजेच्या झटक्याला पहिलीच्याच सोबत जाते.

जुनी डिस्क लगेच टाकू नका. तिच्यावर आजची तारीख आणि ‘चालू करू नये’ असं मार्करनं लिहून वर्षभर ड्रॉवरमध्ये ठेवा. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या आदल्या रात्री कुणाला तरी एखादी फाइल आठवतेच. वर्ष उलटलं की ड्रिलनं चकतीतून आरपार दोन भोकं पाडा आणि मगच भंगारात द्या. आतले दोन चुंबक मात्र काढून घ्या, सांभाळून, बोट सापडलं तर नख काळं होतं. आमच्या फ्रिजवर विजेचं बिल गेली कित्येक वर्षं त्यातल्याच एकानं धरून ठेवलंय.